मँचेस्टर म्हणजे नेमके कोण?

(एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग २)

आमच्या महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धा असली आणि विषयात 'पारतंत्र्य', 'स्वदेशी' किंवा 'शेतकरी' यांपैकी एक जरी शब्द असला, की मँचेस्टरचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. 'मँचेस्टरने आमचा विणकर मारला', 'मँचेस्टरने आमचा कापूस लुटला', अशी वाक्ये हमखास टाळ्या घेऊन जातात. वाक्ये खोटी आहेत असे मी म्हणत नाही. पण गेली दोन वर्षे ती ऐकताना माझ्या मनात एक साधा प्रश्न येतो. मँचेस्टर म्हणजे नेमके कोण? ते एक शहर आहे. त्या शहरात गिरणीचा मालक होता, कापसाचा दलाल होता, आणि पहाटे अंधारात गिरणीची वाट धरणारी बाईही होती. कायदे करणारे तर लंडनला बसत. मग आपण व्यासपीठावरून मुठी आवळतो त्या कोणावर?

प्रश्न पुस्तकी वाटेल. मला तो तसा वाटत नाही, कारण आमच्या घरी चार एकर कोरडवाहू शेत आहे आणि त्यात पऱ्हाटी उभी असते. दिवाळीच्या सुट्टीत मी आईबरोबर वेचणीला जाते. सुकलेल्या बोंडाची टोके बोटांत कशी शिरतात हे मला ठाऊक आहे. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. 'मँचेस्टर' हा शब्द आमच्या घरात माझ्या क्रमिक पुस्तकातून आला. त्याआधी आमच्या घरी शत्रूला दुसरे शब्द होते: सावकार, अडत्या, काटा. या दोन प्रकारच्या शब्दांचा एकमेकांशी काय संबंध, ते शोधावे म्हणून मी ग्रंथालयात बसू लागले. त्यातून माझे जे मत झाले ते इथे मांडते. ते थोडक्यात असे, की दोन समाज स्वभावाने क्वचितच वैरी असतात. व्यापाराचे नियम कोण लिहितो यावरून कोणी कोणासमोर उभे राहायचे हे ठरते. साम्राज्याच्या काळात हे नियम एकाच बाजूने लिहिले गेले. त्यांनी सातासमुद्रापलीकडच्या माणसांना एकमेकांपुढे उभे केलेच, पण एकाच गावातल्या माणसांनाही केले.

आरंभ इंग्लंडपासूनच करावा लागतो, कारण कापडाचा पहिला मार तिकडे बसला होता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानातील सुती छापील कापड, ज्याला तिकडे कॅलिको म्हणत, लंडनच्या बाजारात इतके ओतले की लोकर आणि रेशीम विणणाऱ्या तिथल्या कारागिरांच्या पोटावर पाय आला. १७०० मध्ये पार्लमेंटने छापील कापड आणण्यावर बंदी घातली. तेव्हा व्यापारी साधे कापड आणून तिथेच छापू लागले. १७१९ साली लंडनचे विणकर रस्त्यावर आले आणि कॅलिको घातलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे त्यांनी फाडले. अखेर १७२१ मध्ये हे कापड वापरण्यावरच बंदी घालणारा कायदा झाला. पुण्यात १९०५ साली विलायती कापडाची होळी झाली, ती आपल्याला पाठ असते. आपल्या कापडाविरुद्ध लंडनमध्ये झालेला हा दंगा मात्र कोणी सांगत नाही. ते विणकर काही हिंदुस्थानचे शत्रू नव्हते. ते उपाशी होते. पण त्यांच्या हाकेच्या अंतरावर पार्लमेंट होते. शंभर वर्षांनी तीच पाळी आमच्या कोष्ट्या-साळ्यांवर आली, तेव्हा त्यांच्या हाकेच्या अंतरावर कोणीच नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात जाणाऱ्या हिंदी सुती मालावर किमतीच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जकात होती. १८४० मध्ये पार्लमेंटच्या एका समितीपुढे या विषयाची चौकशी झाली, तेव्हाही इंग्रजी सुती कापड हिंदुस्थानात शेकडा साडेतीन जकात देऊन येत होते आणि आमच्या सुती कापडाला तिकडे शेकडा दहा भरावे लागत होते. आपली गिरणी तान्ही असेतोवर तिला कुंपण. ती वयात आल्यावर मात्र साऱ्या जगाला खुल्या व्यापाराचा उपदेश! यंत्राचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. वाफेच्या मागापुढे हातमाग टिकणे कठीणच होते, आणि त्याच काळात खुद्द लँकेशायरमधले हातमागवालेही अन्नाला महाग झाले होते. पण यंत्र ही एक गोष्ट आणि नियम ही दुसरी. अमेरिकेने आणि जर्मनीने आयात मालावर जकात बसवून आपल्या गिरण्या वाढवल्या. आम्हांला जकात बसवण्याचा अधिकारच नव्हता. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत आपण 'औद्योगिक क्रांतीमुळे हस्तोद्योग बुडाले' असे लिहून मोकळे होतो आणि पाच गुण मिळवतो. त्या वाक्यात यंत्र दिसते. यंत्राच्या मागे बसून जकातीचा तक्ता लिहिणारा माणूस दिसत नाही.

आता कापसाकडे येते, कारण माझा खरा विषय तोच आहे.

१८६१ पूर्वी इंग्लंडला लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश अमेरिकेतून येई. तो दक्षिणेकडील मळ्यांवर गुलाम पिकवीत. एकाच देशावर एवढे विसंबणे धोक्याचे आहे हे गिरणीमालकांना कळत होते. म्हणून १८५७ मध्ये मँचेस्टरला कापूस पुरवठा संघ निघाला आणि पुढे मँचेस्टर कॉटन कंपनी. त्यांची नजर हिंदुस्थानच्या काळ्या जमिनीकडे होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, आणि जिथून वर्षाला वीस लाखांहून अधिक गाठी येत तिथून १८६२ मध्ये जेमतेम ५५ हजार गाठी इंग्लंडात उतरल्या. लँकेशायरच्या गिरण्या धडाधड बंद पडल्या. १८६२ च्या अखेरीस त्या भागात जवळजवळ पाच लाख माणसे धर्मादाय मदतीवर जगत होती.

या वेळी हिंदुस्थानचा कापूस तिकडे गेला. तो 'सुरत' या नावाने विकला जाई. खानदेश-वऱ्हाडचा मालही पुष्कळदा त्याच नावात मोडे. हा 'सुरत' तिथल्या कामगारांना मुळीच आवडत नसे. धागा तोकडा, त्यात कचरा नि सरकीचे तुकडे. सूत घडोघडी तुटे, आणि मजुरी कामाच्या मापावर असल्याने जो थोडेबहुत काम मिळालेला होता त्याच्या हातीही पुरेसे पैसे पडत नसत. पुढे पुढे तिकडे कोणत्याही भिकार वस्तूला 'सुरत' म्हणू लागले! आमच्या मातीचे नाव तिकडे शिवी झाले, आणि इथे कोणाला त्याचा पत्ताही नव्हता. कापूस घाण का होता? तर बोंडापासून मुंबईच्या गोदीपर्यंत तो चार-पाच हातांतून जाई, आणि प्रत्येक हात वजन वाढवण्याची सोय पाही. मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातील भेसळीविरुद्ध खास कायदा करावा लागला. आमच्याकडे पहिल्या वेचणीला बाया शेतात सीतादही करतात, पऱ्हाटीची पूजा करून दहीभात वाहतात. इतक्या मानाने वेचलेल्या कापसाला तिकडची बाई बोटे मोडीत होती. दोघींच्या मध्ये कोण कोण उभे होते ते दोघींनाही दिसत नव्हते.

परंतु याच उपाशी लोकांनी एक गोष्ट केली, आणि ती आमच्या क्रमिक पुस्तकात असायला हवी असे मला फार वाटते. ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली. गुलामी ठेवू पाहणाऱ्या दक्षिणेचा कापूस सुटला तर त्यांच्या चुली पेटणार होत्या. तरी त्या सभेने अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांना पत्र पाठवून गुलामगिरी नष्ट करण्याच्या त्यांच्या कार्याला पाठिंबा दिला. दुसऱ्याच दिवशी लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा अमलात येणार होता. १९ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी मँचेस्टरच्या श्रमिकांना उत्तर लिहिले. पुढे अमेरिकेतून 'जॉर्ज ग्रिसवोल्ड' नावाचे जहाज लँकेशायरच्या उपाशी लोकांसाठी पीठ आणि धान्य घेऊन आले. सगळे लँकेशायर असे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. दक्षिणेची बाजू घेणाऱ्या सभाही तिथे काही गावांत झाल्या. तरीही माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने ही गोष्ट मोठी आहे. ज्याला आपण सरसकट 'मँचेस्टर' म्हणून शिव्या देतो, त्या शहरातली हजारो माणसे आपली भाकर पणाला लावून, कधी न पाहिलेल्या काळ्या माणसाच्या बाजूने उभी राहिली होती.

आमच्या शेतकऱ्याच्या बाजूने मात्र कोणी सभा घेतली नाही. ते मँचेस्टरच्या कामगाराला सुचले नाही याचा दोष मी त्याला देत नाही. कारण गुलामगिरी उघड्या डोळ्यांना दिसत होती. कापसाचे आगाऊ पैसे, खत आणि सारा यांनी बांधलेला माणूस कागदोपत्री स्वतंत्र होता.

तो कसा बांधला गेला, ते जरा सविस्तर सांगते. मुंबईच्या निर्यात व्यापाऱ्यांनी कापूस मिळावा म्हणून शहरच्या सावकारांना पैसा दिला, त्यांनी तो गावच्या सावकारांना दिला, आणि गावच्या सावकाराने शेतकऱ्याला. दख्खनमध्ये कापसाच्या एकरामागे शंभर रुपयांपर्यंत आगाऊ रक्कम मिळू लागली. १८६० ते १८६४ या चार वर्षांत तिथले कापसाचे क्षेत्र दुप्पट झाले. १८६२ मध्ये तर इंग्लंडात येणाऱ्या कापसापैकी बहुतेक हिंदुस्थानचा होता. मुंबईत शेअर्सचा बाजार वेडा झाला. पण १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले आणि साऱ्या गोष्टी उलट फिरल्या. भाव कोसळले. मुंबईच्या व्यापाऱ्याने हात आखडले, तसे शहरच्या सावकाराने आखडले, तसे गावच्या सावकाराने. आणि नेमक्या याच वेळी, १८६७ पासून, सरकारने जमीन महसुलाची फेरआकारणी सुरू केली. भाव चढे असतानाची भरभराट मनात धरून सारा कुठे निम्म्याने वाढवला, कुठे दुप्पट केला. भाव खाली, सारा वर, आणि कर्ज देणारा पाठमोरा, अशी शेतकऱ्याची अवस्था झाली.

यात कायद्याची भर पडली. पूर्वी आपल्याकडे दामदुपटीची रीत होती. व्याज मुद्दलापेक्षा अधिक घ्यायचे नाही. इंग्रजी कोर्टापुढे रीत चालेना, कागद चाले. १८५९ मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला, की कर्जाचे खत तीनच वर्षे चालेल. हेतू हा, की व्याज साचत जाऊ नये. झाले ते असे, की सावकार दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेऊ लागला, आणि त्या साऱ्या रकमेवर पुन्हा व्याज सुरू. शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. त्याने अंगठा दिला. (माझ्या आजीनेही आयुष्यभर अंगठाच दिला, म्हणून हे लिहिताना माझा हात जरा थांबतो.)

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. तिथून लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरले. पुष्कळशा गावी त्यांनी एकच गोष्ट मागितली: खते आणि वह्या. त्या चौकात आणून जाळल्या. काही घरांनाही आगी लागल्या, पण माणसांचे जीव घेण्यावर या दंग्याचा रोख नव्हता, हे सरकारी कागदांतूनच दिसते. ९५१ लोकांना अटक झाली. पुढे चौकशी आयोग बसला, त्याचा अहवाल १८७८ मध्ये पार्लमेंटपुढे गेला. दोष कोणाचा? अहवालाने सावकाराकडे बोट दाखवले. साऱ्याचा बोजा हे कारण त्याने मानले नाही. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी मदतीचा कायदा झाला. त्यात सावकाराला वेसण होती. सारा ठरवणाऱ्याला मात्र वेसण नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहून पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सारा, लोकलफंड, कचेऱ्या, कामगार, कोर्ट अशी सगळी साखळी उलगडून दाखवली. त्यांनी सावकाराला सोडले नाही, पण ते सावकारापाशी थांबलेही नाहीत. सरकारी आयोग थांबला.

सावकार निर्दोष होता असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. खोटी खते झाली, पावत्या दिल्या गेल्या नाहीत, जमिनी गिळल्या गेल्या. पण साखळीतला जो शेवटचा दुवा शेतकऱ्याला हाताने धरता येत होता तो सावकार होता, म्हणून सारा राग त्याच्यावर निघाला. तो पुष्कळदा परप्रांतातून आलेला मारवाडी किंवा गुजर, त्याची बोली वेगळी, देव वेगळा, स्वयंपाक वेगळा. त्यामुळे जो राग मुळात लिव्हरपूलच्या भावाचा, लंडनच्या कायद्याचा आणि कलेक्टरच्या आकारणीचा होता, तो दोन जातींचा, दोन समाजांचा राग होऊन बसला. साम्राज्य गेले. लिव्हरपूलच्या कापूस बाजाराचे ते वैभव गेले. हा राग आमच्याकडे राहिला.

वऱ्हाडात १८७५ चा दंगा झाला नाही, पण साखळी तीच होती. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६७ पर्यंत आगगाडी नागपूरला पोहोचली आणि १८७० मध्ये खास कापसासाठी खामगावला फाटा निघाला. अमरावतीच्या नावावरून इथल्या कापसाला परदेशच्या बाजारात 'उमरा' म्हणत. ज्या गावी रस्ता धड नव्हता त्या गावचा कापूस लिव्हरपूलच्या भावफलकावर नावाने ओळखला जात होता. शेतकऱ्याची ओळख मात्र बाजारपेठेच्या काट्यापाशी संपत होती.

अजूनही बरीचशी तिथेच संपते. माझ्या वर्गातील एका मैत्रिणीच्या वडिलांची तालुक्याच्या गावी आडत आहे. गेल्या वर्षी संक्रांतीला ती आमच्या घरी आली. आईने तिला हळदीकुंकू दिले, तिळगूळ दिला. बाबा ओसरीवर होते. त्यांनी 'या बाई' म्हटले आणि ते शेताकडे निघून गेले. रात्री मी विचारले, तर म्हणाले, "पोरगी चांगली हाय. पण तिच्या बापाचा काटा मले मालूम हाय." मी काय उत्तर देणार? काट्याचा अनुभव त्यांचा, माझा नाही. पण मी हेही पाहिले आहे, की त्या मैत्रिणीचे वडील सकाळी फोनवर भाव विचारतात तो न्यूयॉर्कच्या वायद्याचा. तो भाव ते ठरवत नाहीत. बाबा आणि ते यांच्यात वीस वर्षांत 'भाव काय?' आणि 'इतका' यांपलीकडे बोलणे झालेले नाही. माझी आणि तिची मैत्री या दोन शब्दांच्या मधल्या जागेत कशीबशी उभी आहे.

ही केवळ शेतकरी आणि सावकाराची गोष्ट नाही. नियम कोणालाही कोणापुढे उभे करू शकतात. मुंबईत आपल्या लोकांच्या गिरण्या निघाल्या तेव्हा लँकेशायरच्या मालकांनी ओरड केली आणि १८८२ मध्ये हिंदुस्थानातील कापडावरची आयात जकात पार उठली. पुढे सरकारी तिजोरीसाठी ती पुन्हा बसवावी लागली, तर १८९६ मध्ये परदेशी कापडावर शेकडा साडेतीन जकात आणि बरोबर तेवढाच अबकारी कर मुंबईच्या गिरणीच्या कापडावर! आपल्याच देशात आपल्याच कापडावर, परक्याशी बरोबरी व्हावी म्हणून कर. १९२५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांच्या पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. दीड लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. डिसेंबरात सरकारने हा कर स्थगित केला, तेव्हा कपात मागे घेतली गेली आणि संप मिटला. म्हणजे लँकेशायरसाठी बसवलेल्या कराची झळ कोकणातून नि घाटावरून आलेल्या गिरणगावातल्या माणसाच्या पगाराला लागत होती, आणि तो आपल्या मालकाशी भांडत होता.

१९३३ सालची हकिकत तर आम्हां कापूसवाल्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. जपानी कापड स्वस्त पडू लागले म्हणून हिंदुस्थान सरकारने ब्रिटिश सोडून इतर परदेशी कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. जपानच्या गिरण्यांनी उलट हिंदी कापूस घ्यायचाच नाही असे ठरवले. मुंबईच्या गिरणीला जकात हवी होती. वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याला जपानसारखे गिऱ्हाईक हवे होते. एकाच देशातली दोन माणसे, एकाचे हित दुसऱ्याच्या उलट. जानेवारी १९३४ मध्ये तोडगा निघाला, की जपानने कापसाच्या जितक्या गाठी घ्याव्या त्या प्रमाणात त्याला कापड आणता येईल: दहा लाख गाठींना साडेबत्तीस कोटी वार, पंधरा लाख गाठींना चाळीस कोटी वार. वाटाघाटींच्या टेबलावर सरकार होते, गिरणीमालकांचे म्हणणे ऐकले जात होते. चार एकरवाल्याचे म्हणणे मांडायला त्या टेबलापाशी खुर्ची नव्हती.

त्याच्या दोन वर्षे आधी, सप्टेंबर १९३१ मध्ये, गांधीजी लँकेशायरला गेले होते. गोलमेज परिषदेसाठी विलायतेत असताना त्यांनी हा दौरा मुद्दाम केला. विलायती कापडावरच्या बहिष्काराने तिथल्या गिरण्यांना फटका बसलेला, हजारो माणसे बेकार. तिथे लोक त्यांना दगड मारतील असे कोणालाही वाटले असते. डार्वेन गावी गिरणीतल्या बायांनी त्यांच्याभोवती गर्दी करून जयजयकार केला; त्या वेळचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. गांधीजींनी त्यांना खोटे गोड बोलून दाखवले नाही. तुमची बेकारी मला दिसते, पण आमच्याकडची उपासमार तुम्ही पाहिलेली नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. बहिष्कार त्यांनी मागे घेतला नाही. मला यात विशेष वाटते ते असे, की ज्यांच्याविरुद्ध लढा आहे असे समजले जात होते त्यांच्या घरी जाऊन त्यांनी आपला हिशेब समोर मांडला.

आजचे म्हणाल, तर फार दूर जायला नको. कापसावर २०२१ पासून ११ टक्के आयात शुल्क होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला, तिरुप्पूरच्या कपड्यांच्या कारखान्यांपुढे संकट उभे राहिले, आणि त्याच महिन्यात आपल्या सरकारने कापसावरचे आयात शुल्क माफ केले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आमच्या वेचणीचा हंगाम. तिरुप्पूरच्या शिलाई यंत्रावर बसलेली मुलगी बहुधा माझ्याच वयाची असेल आणि तिचे काम सुटू नये असे मलाही वाटते. पण तिचे काम टिकवण्याचा भार बाबांच्या कापसाच्या भावावर टाकायचा हे कोणी ठरवले? हे सरकार आपण निवडलेले आहे, परके नाही. म्हणूनच हा प्रश्न विचारण्याचा आपला हक्क १८७५ च्या माणसापेक्षा मोठा आहे. पंढरपूरच्या वारीइतकी गर्दी करून आपण अडत्याच्या नावाने ओरडू शकतो. शुल्काच्या अधिसूचनेवर कोणाची सही आहे ते मात्र वाचत नाही.

पुढच्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत पुन्हा मँचेस्टर येईल. येऊ द्यावे. फक्त वक्त्याने सांगावे की जकातीचा तक्ता कोणत्या साली, कोणी, कोणासाठी लिहिला. परीक्षकांनी टाळ्यांऐवजी तेवढे विचारावे.

आणि एक काम आपल्या इतिहास मंडळाने हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे. या भागातल्या जुन्या घरांत खते, हिशेबपट्ट्या, जिनाच्या पावत्या पडून आहेत. १८७५ मध्ये सुप्याला जे कागद जाळले त्यांसारखे कागद आमच्याकडे न जळता वाळवीने संपत आहेत. आमच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत पणजोबांच्या वेळचे एक खत आहे. ते मी आणणार आहे. वर सांगितलेली माझी मैत्रीण तिच्या आजोबांची एक वही द्यायला तयार आहे. तिने घरी विचारून होकार मिळवला आहे, आणि हे तिला माझ्यापेक्षा अवघड गेले असणार. आमचे खत मोडीत आहे, त्यांची वही महाजनी लिपीत. आम्हां दोघींनाही दोन्ही वाचता येत नाहीत. वाचकांपैकी कोणाच्या घरी मोडी किंवा महाजनी वाचणारे वडीलधारे असतील, तर त्यांनी इतिहास विभागात कळवावे. शनिवारी दुपारी साडेबारानंतर आम्ही दोघी तिथे असतो.